पनवेलची खाडी, एकादशीचं पाणी

विचुंब्याला राहायला येऊन मला सात वर्षं झाली. या सात वर्षांत पनवेलच्या बंदर रोडवरून मी भाजी आणली, चष्मा करून घेतला, मिक्सरचं भांडं बदललं, पण या रस्त्याला बंदर रोड का म्हणतात हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो पडला माझ्या नणंदेला. ती पुण्याहून आली होती. आमची रिक्षा गर्दीत अडकली आणि दुकानाच्या पाटीवरचा पत्ता वाचून तिने विचारलं, "वहिनी, इथं बंदर कुठं आहे गं?"

मी बाहेर पाहिलं. मोबाइलची दुकानं, फरसाणवाला, एक दाताचा दवाखाना. "असेल इकडेच कुठेतरी," मी म्हणाले, आणि माझी मलाच लाज वाटली.

लाज वाटायला कारण होतं. मी जन्मले संगमनेरला. पाटाच्या पाण्यात डुंबत मोठी झाले आणि पुढे पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून नोकरी केली. म्हणजे साहेबांनी काढलेले कालव्यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कागदावर शाईने उतरवायचे. कुठलंही वाहतं पाणी दिसलं की ते कुठून आलं आणि कुठे जातं हे विचारल्याशिवाय मला चैन पडू नये. आणि मी एका जुन्या बंदरात राहून त्याचं पाणी शोधलं नव्हतं!

नणंद परत गेल्यावर मी ठरवलं, बंदर शोधायचं. नवरा म्हणाला, "गुगलवर बघ ना." मी छत्री उचलली आणि निघाले.

बुधवार, पायी

बोरघाट उतरून आलेला माल पनवेलला गलबतांत चढायचा आणि पाण्याने मुंबईला जायचा, एवढं मला ऐकून माहीत होतं. तेव्हा घाट मागे ठेवून उताराच्या दिशेने चालत राहायचं, पाणी आपोआप भेटेल, असा माझा खात्यातला हिशेब. तो बराचसा बरोबर निघाला. बाजाराच्या मागच्या अंगाला एक नाला लागला. वास असा की नाकाला पदर लावावा, आणि मी नेमका ड्रेस घालून गेलेले. ओढणी लावली. पण नाल्याच्या एका कडेला पाहिलं तर घडीव दगडांची भिंत! काळे, चौकोनी, एकावर एक नीट बसवलेले दगड. सांडपाण्यासाठी एवढी मेहनत कोणी करत नाही. मी त्या भिंतीच्या कडेकडेने निघाले. मध्येच एक इमारत आडवी यायची, मी वळसा घालायची, पलीकडे भिंत परत सापडायची. दोनदा वॉचमनने हटकलं. एकाला मी "सर्व्हे चालू आहे" असं सांगितलं. निवृत्त माणसाने खोटं बोलू नये, पण छत्रीने दगड मोजणाऱ्या बाईने दुसरं काय सांगावं?

शेवटी भिंत एका लाकडाच्या वखारीच्या परसात शिरली. वखारीचे मालक सत्तरीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. मी भिंतीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

"ताई, इतक्या वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या," ते म्हणाले. "नाहीतर इथे लोक येतात ते पार्किंग विचारायला."

ते मला मागच्या दाराने बाहेर घेऊन गेले. वखारीला दोन दारं. पुढचं रस्त्यावर, मागचं थेट त्या भिंतीवर. उंबऱ्याच्या खाली तीन पायऱ्या होत्या आणि तिसऱ्या पायरीनंतर काहीच नव्हतं, म्हणजे खाली गवत आणि एक झोपलेली मांजर.

"इथपर्यंत मचवा यायचा," चाचा म्हणाले. "माझे अब्बा या पायरीवर उभे राहून लाकूड उतरवून घ्यायचे. मी लहान होतो. भरतीला पाणी दुसऱ्या पायरीला लागायचं. मग गाळ भरत गेला, रस्ते झाले, ट्रक आले. आता सगळा माल पुढच्या दाराने येतो. मागचं दार मी फक्त हिच्यासाठी उघडतो." हिच्यासाठी म्हणजे मांजरीसाठी.

त्यांनी चहा पाजला, त्यात पुदिना होता. आमच्याकडे चहात आलं नाहीतर गवती चहा, पुदिना चटणीत. पण छान लागला. निघताना चाचा म्हणाले, "पुरी वाट बघायची असेल तर पायाने नाही दिसणार. कोळीवाड्यात जा. कुणीतरी होडीतून नेईल."

कोळीवाड्यात माझी ओळखीची एकच व्यक्ती होती, हिराबाई. उरण नाक्याच्या मासळी बाजारात मी तिच्याकडूनच मासे घेते. पनवेलला आले तेव्हा मला बोंबील आणि बोय यांतला फरक कळत नव्हता. मासे खायला आणि निवडायला मला हिराबाईने शिकवलं. वय सत्तरच्या आसपास, आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. ती घरासमोर जाळ्याची भोकं सांधत बसली होती. मला बाजाराबाहेर पाहून तिला नवलच वाटलं.

मी काय हवं ते सांगितलं. पनवेलहून खाडीच्या तोंडापर्यंत, गलबतं जायची त्याच पाण्याने.

"कशाला?" तिने विचारलं.

"बघायला."

"काय हाय बगाला? चिखल हाय." पण डोळे चमकले. "आमचा धर्मा न्हेल. माजा दीर. मी बी येते. तो नुसता होडी चालवील, बोलायचा नाय. तुमाला सांगील कोन?"

मग तिने बोटांवर तिथी मोजल्या. भरतीची वेळ तिथीवरून काढायची तिची जुनी सवय. शुक्रवारी एकादशी, साडेआठच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार. तेव्हा निघालं की ओहोटीबरोबर वाहत खाली जायचं, संध्याकाळी भरतीबरोबर परत. मला हे फार आवडलं. आमच्याकडे पाणी सोडायचं की नाही हे सभेत ठरतं. इथे चंद्र ठरवतो आणि त्याला अर्ज करावा लागत नाही.

"एक गोस्ट," हिराबाई म्हणाली. सुई थांबली होती. "वाटंत माजं माहेर लागतं. तिकरं होडी लावायची नाय."

"का हो मावशी?"

"नाय म्हंजे नाय," ती म्हणाली, आणि पुन्हा जाळं सांधू लागली.

शुक्रवार, एकादशी

मला सव्वाआठला बोलावलं होतं. मी पोहोचले नऊ वाजून पाच मिनिटांनी. एकादशी म्हणून साबुदाण्याची खिचडी केली, ती डब्यात भरली, मग टोपी सापडेना. धर्मानाना होडीत उभे होते. साठीचे, काळे, काटक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं.

"पानी थांबत नाय, बाय," एवढंच म्हणाले. दिवसभरात ते जी दहाएक वाक्यं बोलले त्यांतलं हे पहिलं.

होडी लहान, फायबरची, मागे इंजिन. मी मधल्या फळीवर, हिराबाई पुढे, तोंड माझ्याकडे करून. पुलांखालून गेलो. वर गाड्यांचा गडगडाट, खाली एकदम गार. पुलांपलीकडे शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना तिवरं सुरू झाली. तिवरांची मुळं चिखलातून वर येतात, हजारो बोटं उभी केल्यासारखी. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून जमिनीवर फिरणारा हा प्राणी मी पहिल्यांदाच पाहिला आणि ओरडले. नानांच्या मिशीत काहीतरी हललं.

हिराबाई बोलत होती. इथे वळणावर पाणी खोल, इथे वाळूचा दांडा, इथून गलबतं शीड उतरवून बांबूने रेटत आणायची, हे ती सगळं हात न दाखवता, फक्त हनुवटीने सांगायची. एका बाजूला नवा विमानतळ. दर थोड्या वेळाने एक विमान इतकं खाली यायचं की त्याची चाकं मोजता यावीत. प्रत्येक वेळी हिराबाई वाक्य मध्येच थांबवायची, विमान जाऊ द्यायची आणि त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची.

"आमच्याकडे पाटाचं पाणी एकाच दिशेने जातं," मी सांगितलं. "उतार असेल तिकडे. गेलेलं परत येत नाही."

"मंग तुमी होडीनं गेल्यावर वापस कशा येता?"

"पाटात होडी नसते मावशी."

"होडी नाय, पानी वापस नाय, मासा नाय," ती म्हणाली. "मंग पाट कशाला बांदलाय?"

"उसासाठी."

ती इतकी हसली की होडी हलली.

तासभर गेला असेल. एका वळणावर मला काठाशी दोन दगडी खांब दिसले, आणि माझ्यातली अनुरेखक जागी झाली. खांबांना उभ्या खाचा होत्या. जुनी उघाडी! खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालतात, आणि त्या बांधाला पाणी सोडण्याचं जे दार असतं त्याला इथे उघाडी म्हणतात. खाचांत फळ्या सरकवायच्या, काढायच्या. अशी दारं मी जन्मभर कागदावर काढली, पण दगडातलं इतकं जुनं दार कधी पाहिलं नव्हतं.

"नाना, दोन मिनिटं होडी लावा ना. फक्त दोन मिनिटं."

नानांनी पाण्याकडे पाहिलं, मग हिराबाईकडे. हिराबाई म्हणाली, "लाव. एवढी लांबून आलीय ती."

दोन मिनिटांची वीस झाली. मी खाचेत बोटं घालून पाहिली, दगडाची जाडी मोजली, फोटो काढले. मागे वळले तेव्हा होडी होती तिथेच होती, पण तिच्याखालचं पाणी नव्हतं. म्हणजे होतं, वीतभर. माझ्या डोळ्यांसमोर ते आणखी कमी झालं.

नानांनी मला हाताला धरून होडीत बसवलं, इंजिन वर उचललं, बाहेर उडी टाकली आणि खांदा लावून होडी रेटू लागले. होडी हातभर सरकली. दुसऱ्यांदा रेटली. तिसऱ्या वेळी त्यांचा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला आणि त्यांनी दात आवळून श्वास आत ओढला.

पाय वर आला तो रक्ताने भरलेला. उघाडीच्या पडलेल्या दगडांवर कालवं चिकटली होती आणि कालवाच्या शिंपल्याला सुरीची धार असते. तळव्याला टाचेपासून मधल्या भागापर्यंत चिरलं होतं. आम्ही दोघींनी मिळून त्यांना होडीत ओढलं. मी पिण्याच्या बाटलीतलं सगळं पाणी ओतून चिखल धुतला, ओढणी चारपदरी करून जखमेवर दाबली. ओढणी पिवळी होती. बघता बघता ती पिवळी राहिली नाही.

"बरं हाय, बरं हाय," नाना म्हणत होते, पण ओठ पांढरे पडले होते.

इथपर्यंत मी सहलीला आलेली बाई होते. आता मला घाम फुटला. चारी बाजूंना चिखल चकाकत होता, पाणी परत यायला संध्याकाळ, आणि माणसाचं रक्त थांबत नाही. आणि हे सगळं माझ्या टोपीमुळे आणि माझ्या दोन मिनिटांमुळे. मी नवऱ्याला फोन लावायला घेतला. पण तो विचुंब्याहून येऊन करणार काय? रस्ता कुठे होता?

"मावशी, इथून जवळचं गाव कुठलं?"

हिराबाई तिवरांच्या पलीकडे पाहत होती. तिथे एक भगवा झेंडा आणि दोन-तीन कौलं दिसत होती.

"ते?" मी विचारलं.

"ते माजं माहेर."

"मग तिथे कुणाला तरी फोन करा ना!"

"तिकरं माजी भन हाय. पारू. आमी बोलत नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "नव वरसं झाली. आई वारली तवा हिनं माला बोलवलं नाय. मी गेले तवा सगलं उरकलं व्हतं. आईचं तोंड माला बगू दिलं नाय."

नानांनी डोळे मिटले होते. माझ्या हाताखाली ओढणी गरम आणि ओली लागत होती. मी फक्त हात तसाच ठेवून हिराबाईकडे पाहत राहिले.

ती नानांच्या पायाकडे बघत होती. मग तिने कंबरेचा बटवा काढला, त्यातून साधा बटणांचा फोन काढला आणि नंबर दाबला. फोनमध्ये साठवलेल्या नावांत तिने शोधलं नाही. दहाच्या दहा आकडे तिला पाठ होते.

पलीकडून कोणीतरी 'हॅलो' म्हटलं असावं. मग पुन्हा 'हॅलो'.

"पारू," ती म्हणाली. मी बाजारात ऐकलेला तो आवाज नव्हता. "हिरा बोलते."

एक विमान आलं, गेलं.

"धर्माचा पाय कापलाय. उगाडीच्या खालती होडी बसलीय. रगत थांबत नाय."

पलीकडून एकच वाक्य आलं असावं, कारण हिराबाईने लगेच फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"हलू नका म्हनाली."

पंधरा मिनिटं. मला ती दोन तासांसारखी गेली. मग तिवरांमधून दोन बायका बाहेर आल्या, आणि मी जे पाहिलं ते मी अजून डोळे मिटून पाहू शकते. प्रत्येकीपाशी एक लांब, गुळगुळीत फळी, पुढचं टोक थोडं वर उचललेलं. फळीवर एक गुडघा टेकायचा, दोन्ही हातांनी कडा धरायच्या आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे लोटायचा. ज्या चिखलात नाना मांडीपर्यंत रुतले, त्यावरून त्या दोघी अशा सरसर आल्या जशी पोरं घसरगुंडीवरून येतात. पुढे होती ती हिराबाईचाच चेहरा असलेली, पण बारीक. पासष्टीची बाई, कासोटा मारलेला, चिखल उडत होता पार केसांपर्यंत. मागे तिची सून, बेबी.

पारूबाईने होडीच्या काठाला हात लावला. बहिणीकडे बघितलं नाही. माझा हात बाजूला करून ओढणी उचलली, जखम पाहिली, परत दाबली. "बांदा आनकी घट," मला म्हणाली. मग सुनेला: "बेबी, नानाला आदी न्हे."

नाना फळीवर आडवे झाले. बेबीने कमरेला दोरी बांधून आपल्या फळीवरून ती ओढली, पारूबाईने मागून लोटली. दुसऱ्या खेपेला हिराबाई. पण तिने फळीवर नुसतं बसून यायला साफ नकार दिला. सत्तर वर्षांची ती, साडी खोचून, एक गुडघा टेकून निघाली. सुरुवातीला थोडी डगमगली, मग लय सापडली. लहानपणी शिकलेलं अंगातून जात नसावं.

तिसऱ्या खेपेला मी. माझ्याबद्दल काही सांगू नये हेच बरं. मला पोत्यासारखं बसवण्यात आलं, "हात आत घ्या, म्हाडम, नाय तर कालवं लागतील" अशी तंबी मिळाली, आणि मध्ये एकदा फळी कलंडल्यावर मी चिखलाची चव घेतली. खारट आहे. एक चप्पल खाडीला अर्पण झाली, खिचडीचा डबाही. बेबी ओढता ओढता हसत होती आणि हसू लपवायचा प्रयत्न करत होती, आणि तो जमत नव्हता.

गावाचं नाव लिहीत नाही. हिराबाईने तसं बजावलंय: "नाव टाकू नका, लोक मंग माला इचारत बसतील."

बेबीच्या नवऱ्याने रिक्षा आणली आणि नानांना दवाखान्यात नेलं. सहा टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. दोन तासांनी त्यांचा फोन आला, दिवसातलं सर्वांत लांब वाक्य घेऊन: "टाकं घातलं, चाय प्यालू, येतू." ते ऐकून मी ओटीवर बसल्या जागी रडले. कोणी कारण विचारलं नाही, बेबीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

पारूबाईच्या घरात जेवणाची वेळ झाली होती. चुलीवर जिताड्याचं कालवण रटरटत होतं. जिताडा म्हणजे या खाडीतला राजा; हिराबाईकडे तो कधीमधीच येतो आणि माझ्यापर्यंत पोहोचायच्या आत संपतो. शेजारी तांदळाच्या भाकऱ्या, पांढऱ्याशुभ्र, रुमालासारख्या मऊ. आमच्याकडची बाजरीची भाकरी कडक आणि मर्दानी. ही हातात धरली तर लोंबते.

"बसा," पारूबाई म्हणाली.

"मला एकादशी आहे हो," मी म्हणाले. इतक्या दुःखाने मी ते आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

पारूबाईने कपाळावर हात मारला आणि बेबीला रताळी उकडायला लावली. मी रताळी खाल्ली आणि कालवणाचा वास घेतला. विठोबाने माझी कसोटी पाहायची ठरवलंच असेल तर त्याने वेळ अगदी नेमकी निवडली.

पण खरी अवघड गोष्ट निराळीच होती. दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. माझ्यामार्फत बोलत होत्या.

"तिला इचारा, कालवन आनकी पायजे का."

"सांगा तिला, बस झाला."

"तिला म्हनावं, पयली तर तीन भाकऱ्या खायची."

"तिला म्हनावं, तवा दात व्हते."

मी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते. बेबी चुलीकडे तोंड करून बसली होती आणि तिची पाठ हलत होती.

जेवणं झाली. भांडी उचलली गेली. पारूबाईने भिंतीला पाठ टेकली आणि अचानक, माझ्याकडे बघतच, पण मला नव्हे, म्हणाली, "तिला इचारा, त्या दिवशी फोन का उचलला नाय."

हिराबाईचा हात पानाच्या चंचीवर थांबला. "कनच्या दिवशी?"

"आई गेली त्या दिवशी. सकालपासून लावत व्हते. सतरा येला लावला असंल. बंद. मंग ह्यांना पनवेलला धाडलं, तर तुमच्या दाराला कुलूप. दिस मावलंस्तवर आईला ठेवली व्हती आमी. भटजी ओरडत व्हता, गाववाले ओरडत व्हते. मी म्हनलं, हिरा येईल. नाय आली."

आता ती माझ्याकडे बघत नव्हती.

हिराबाईने चंची खाली ठेवली. "माजा फोन," ती म्हणाली, आणि थांबली. "माजा फोन आदल्या दिवशी बरफाच्या टपात पडला व्हता. बाजारात. दोन दिस तांदलात घालून ठेवलेला. आन त्या दिवशी आमी समदी लग्नाला गेल्तो पेनला." मग अगदी हळू: "तू फोन केला व्हता, हे माला कोनी नाय सांगितलं."

"तू इचारलं कुटं? तू आलीस ती वरडतच आलीस."

"वरडले," हिराबाई म्हणाली. "वरडले मी."

यापुढे रडारड होईल, गळ्यात गळे पडतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पारूबाई उठली, आतून एक पानाचा विडा आणला आणि बहिणीसमोर ठेवला. हिराबाईने तो उघडून पाहिला, म्हणाली, "चुना जास्त लावतेस अजून," आणि तोंडात टाकला. एवढंच. मी मात्र दाराबाहेर जाऊन उगीचच नारळाच्या झाडांकडे बघत उभी राहिले.

दुपार अशी गेली. मला बेबीने तिची एक साडी आणि चपला दिल्या. गावात फिरवून आणलं. खाऱ्या पाण्यात लावायचा भात, बांधावरची मिठाची जुनी आगरं, आणि तरुण पोरं न्हावा शेव्याला कामाला जातात म्हणून दिवसा रिकामी असलेली घरं. चार वाजता नाना पांढरं बँडेज मिरवत आले. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "खांब बगितलं का नीट?"

"बघितले."

"मंग झालं."

पाणी परत येऊ लागलं होतं. बेबीचा नवरा म्हणाला, तो होडी सोडवून आणेल आणि उद्या पनवेलला पोचवेल. आज नानांनी आणि आम्ही रस्त्यानेच जावं. रिक्षा दारात उभी राहिली. नानांना बसवलं. मी हिराबाईला बोलवायला परसात गेले.

ती विहिरीजवळच्या दगडावर बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन. पारूबाई समोर उकिडवी, एका हातात कळशी, दुसऱ्या हातात नारळाची शेंडी. पाणी ओतत होती, पोटऱ्या घासत होती. दोघी काहीतरी बोलत होत्या, कुणाच्या तरी सुनेबद्दल, हळू आवाजात.

"मावशी, चला. रिक्षा आलीय."

"तुमी व्हा पुडं," हिराबाई म्हणाली, मान न वळवता. "माला येल लागंल. चिखल निगत नाय लवकर."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय केव्हाच स्वच्छ झाले होते.